व्युन्सडॉर्फ : कैसरने बांधलेली मशीद आणि झाडीतली २०६ माणसं

गेल्या ईदला आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जुना, काळापांढरा फोटो फिरत होता. लाकडी मशीद, मोठा घुमट, बाजूला उंच मिनार आणि समोर नमाजला उभ्या राहिलेल्या लोकांच्या रांगा. खाली लिहिलं होतं : ‘जर्मनीची पहिली मशीद, १९१५. कैसर विल्हेल्म मुसलमान झाला होता आणि त्याने ही मशीद बांधली. इतिहासकारांनी ही गोष्ट आपल्यापासून लपवली. पुढे पाठवा.’ तासाभरात चाळीस-पन्नास जणांनी ‘सुबहानल्लाह’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी तोच फोटो दुसऱ्या एका ग्रुपवरून माझ्याकडे आला. तिथे मजकूर वेगळा होता. ‘पहा, तेव्हाही यांची निष्ठा तुर्कस्तानच्या खलिफाशी होती. हे हिंदी फौजेतले फितूर.’

फोटो एकच, खोटं दोन प्रकारचं. फोटो मात्र खरा आहे. तो व्युन्सडॉर्फ नावाच्या एका लहानशा जर्मन गावातला आहे. योगायोगाने माझा भाचा नोकरीनिमित्त बर्लिनला असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा म्हटलं, ‘बाबा, संग्रहालयं राहू देत, मला या गावी घेऊन चल.’ तो हसला. ‘मामू, तिथे पाहण्यासारखं काही उरलेलं नाही.’ त्याचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं होतं. पण काही गावं न उरलेल्या गोष्टींसाठीच पाहावी लागतात.

वाळू, पाइन आणि तळी

बर्लिनहून दक्षिणेला साधारण चाळीस किलोमीटरवर हे गाव आहे. रेल्वेने पाऊण तास लागतो. शहर संपलं की खिडकीबाहेर सपाट जमीन सुरू होते. डोंगर नावालाही नाही. आपल्या सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना हा प्रदेश ओकाबोका वाटतो. हा ब्रांडेनबुर्ग प्रांत. हिमयुगात उत्तरेकडून आलेले बर्फाचे प्रचंड थर वितळले आणि मागे वाळू, गोटे आणि तळी ठेवून गेले. दक्षिणेला बारूटची रुंद सखल पट्टी आहे, ती त्याच वितळलेल्या पाण्याने कोरलेली. पूर्वी जर्मन लोक या प्रांताला चेष्टेने साम्राज्याची ‘वाळूची डबी’ म्हणत. शाईवर वाळू टाकून कागद सुकवायचे दिवस होते ते, त्यावरून हे नाव पडलं.

अशा जमिनीत पीक बेताचंच येतं, पाइनची झाडं मात्र मजेत वाढतात. शेजारच्या त्सोसेन या गावाचं नावच पाइनसाठी असलेल्या स्लाव शब्दावरून आलंय असं सांगतात. कारण इथले जुने रहिवासी जर्मन नव्हतेच, ते स्लाव होते. जर्मन वसाहतवाले मध्ययुगात पश्चिमेकडून आले. आज ‘मूळचे कोण आणि बाहेरचे कोण’ यावर जिथे मतं मागितली जातात, त्या देशातल्या गावांची नावंसुद्धा अशी आधीच्या लोकांची आहेत. आपल्याकडेही याहून निराळं काय आहे?

गावाला लागून एक मोठं तळं आहे. तळ्याकाठी कोळी आणि शेतकऱ्यांची वस्ती, आजूबाजूला जंगल, एवढाच या गावाचा पाच-सहाशे वर्षांचा संसार असता. तो बदलला दोन गोष्टींमुळे, वाळू आणि रेल्वे. शेतीला निकामी असलेली वाळवंटी जमीन फौजेच्या कवायतीला उत्तम असते. शिवाय राजधानी जवळ. बर्लिन-ड्रेस्डेन रेल्वे १८७५ साली सुरू झाली. त्याच सुमारास प्रशियाच्या फौजेने आपली स्वतःची रेल्वेही या बाजूला आणली. त्या फौजी रुळांवर १९०३ साली बर्लिनपासून त्सोसेनपर्यंत विजेची गाडी ताशी २१० किलोमीटर वेगाने पळाली होती. जगात तेव्हा कुठलीही गाडी इतकी वेगाने धावली नव्हती. आणि १९१०च्या आसपास फौजेने व्युन्सडॉर्फच्या जंगलात कवायतीचं मोठं मैदान आखलं. त्या मैदानात त्सेरेन्सडॉर्फ नावाचं शेजारचं खेडं आलं. ते उठवण्यात आलं. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तिथेच जायचं आहे.

चंद्रकोरीची छावणी

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. एका बाजूला जर्मनी, ऑस्ट्रिया आणि नंतर तुर्कस्तान. दुसऱ्या बाजूला इंग्लंड, फ्रान्स, रशिया. या तिन्ही साम्राज्यांत कोट्यवधी मुसलमान प्रजा होती. हिंदुस्थानातले मुसलमान इंग्रजांच्या, अल्जीरिया-ट्युनिशियाचे फ्रेंचांच्या आणि तातार, कॉकेशसचे लोक रशियाच्या ताब्यात. जर्मन परराष्ट्र खात्यातला पौर्वात्य विषयांचा जाणकार माक्स फॉन ओपनहाइम याने ऑक्टोबर १९१४मध्ये एक लांबलचक टिपण लिहिलं. सार सांगायचं तर, शत्रूच्या मुसलमान प्रजेला धर्माच्या नावाने उठवा, त्यांची साम्राज्यं आतून पेट घेतील. १४ नोव्हेंबर १९१४ रोजी इस्तंबूलमध्ये शेखुल इस्लामचा जिहादचा फतवा जाहीरपणे वाचला गेला. त्यात एक मोठी अडचण होती. जिहाद काफिरांविरुद्ध म्हणायचा, तर जर्मन कोण? म्हणून हा जिहाद फक्त इंग्लंड, फ्रान्स, रशिया आणि त्यांच्या साथीदारांविरुद्ध, जर्मन-ऑस्ट्रियन मात्र मित्र, अशी सोय करण्यात आली. स्नूक हुर्ग्रोन्ये या डच अभ्यासकाने १९१५मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. तिचं नावच ‘जर्मनीत बनवलेलं धर्मयुद्ध’ अशा अर्थाचं आहे.

दीनचा एक पवित्र शब्द परराष्ट्र खात्याच्या फाइलीत कसा जाऊन बसतो, हे पाहायचं असेल तर हा प्रसंग वाचावा. आणि तो आजचाही आहे. अफगाणिस्तानात रशियन फौजा होत्या तेव्हा दुसऱ्या एका महासत्तेने हाच शब्द असाच वापरला. पुढे काय झालं ते आपण सगळे भोगतो आहोत.

लढाईत पकडलेल्या मुसलमान कैद्यांसाठी व्युन्सडॉर्फ-त्सोसेन इथे दोन खास छावण्या उभारल्या गेल्या. तातार आणि रशियाकडच्या इतर मुसलमानांसाठी त्सोसेनची ‘वाइनबेर्ग’ छावणी, आणि अरब, आफ्रिकन व हिंदी कैद्यांसाठी व्युन्सडॉर्फची ‘हाल्बमोंडलागर’, म्हणजे चंद्रकोरीची छावणी. या दुसऱ्या छावणीत चार ते पाच हजार माणसं होती. हिंदी कैद्यांत फक्त मुसलमान नव्हते, शीख, गुरखे आणि इतर हिंदूही होते. कारण हिंदुस्थानचा प्रश्न जर्मनांनी खिलाफतीबरोबर स्वातंत्र्याशीही जोडला होता.

मशीद पाच आठवड्यांत उभी राहिली. सगळी लाकडी. घुमट सुमारे १२ मीटर व्यासाचा, मिनार सुमारे २३ मीटर उंच, खर्च सुमारे ४५ हजार मार्क. १३ जुलै १९१५ रोजी, रमजान सुरू होताना, तिचं उद्घाटन झालं. जर्मन भूमीवर नमाजसाठी बांधलेली ही पहिली मशीद. कैद्यांना आपापल्या पद्धतीने जनावर कापायची मुभा, वेगळी स्वयंपाकघरं, ईदचा सण. आणि या सगळ्याचे फोटो. ते पोस्टकार्डांवर छापून जगभर पाठवले गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा आपला फोटो त्यातलाच आहे. म्हणजे १९१५ साली प्रचारासाठी काढलेलं चित्र आपण शंभर वर्षांनंतर फुकटात पुढे पाठवतो आहोत.

कैसर मुसलमान झाला ही अफवाही तेव्हाचीच. १८९८मध्ये तो दमास्कसला सलाहुद्दीन अय्युबीच्या मजारीवर गेला होता आणि जगातल्या तीस कोटी मुसलमानांचा मी कायमचा दोस्त आहे, असं त्याने भाषणात सांगितलं होतं. त्यावरून बाजाराबाजारांत ‘हाजी विल्हेल्म’ झाला. तो हाजी नव्हता आणि मुसलमानही नव्हता. पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतीत त्याच्याही टाचेखाली मुसलमान प्रजा होती. 

छावणीचा फोटोग्राफर ऑटो श्टील हा तिथलाच फौजी अधिकारी होता. त्याने या कैद्यांचे उत्तम चेहरे टिपले आणि १९१६ साली पुस्तक काढलं. त्याचं नाव ‘आपले शत्रू’. एकीकडे मशीद बांधून दिलेले पाहुणे आणि दुसरीकडे पुस्तकाच्या दुकानात शत्रू. दोन्ही एकाच वेळी.

दोन भाऊ

आता दुसऱ्या मजकुराकडे येऊ, फितुरीच्या.

पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख हिंदी माणसं परदेशी गेली. १९१४च्या सप्टेंबरअखेरपासून लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचे जवान फ्रान्समध्ये मार्सेलला उतरले आणि थंडीत बेल्जियम-फ्रान्सच्या चिखलात उभे राहिले. मराठी जवान मुख्यतः दुसऱ्या आघाडीवर होते. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या आणि कूत इथे २९ एप्रिल १९१६ रोजी शरण येऊन तुर्कांच्या कैदेत पडल्या. व्युन्सडॉर्फमध्ये दिसतात ते प्रामुख्याने पंजाबी, पठाण, शीख, गुरखे.

त्यांच्यापैकी काही जण खरोखर जर्मनांना जाऊन मिळाले. मार्च १९१५च्या सुरुवातीला एका पावसाळी रात्री जमादार मीर मस्त हा आफ्रिदी पठाण आपल्या काही साथीदारांसह खंदकातून पलीकडे गेला. तोही या छावणीपर्यंत पोचला. त्याचा भाऊ मीर दस्त त्याच आघाडीवर, दुसऱ्या पलटणीत होता. जेमतेम दोन महिन्यांत, एप्रिल १९१५मध्ये इप्रच्या लढाईत, विषारी वायूच्या हल्ल्यात, मीर दस्तने आपली तुकडी सांभाळली आणि जखमी अधिकाऱ्यांना बाहेर काढलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या राजाने ब्रायटनच्या इस्पितळात तो स्वतःच्या हाताने दिला.

एका आईचे दोन मुलगे. एक गोऱ्याच्या फौजेतून पळाला, दुसऱ्याने गोऱ्यांचं सर्वांत मोठं पदक घेतलं. सांगा, यातला निष्ठावान कोण आणि फितूर कोण? इंग्रजाच्या नोंदीत पहिला फितूर. पण इंग्रजाला सोडणं ही देशाशी फितुरी असेल, तर मग पुढे आझाद हिंद सेनेला काय म्हणणार? ती तर युद्धकैद्यांतूनच उभी राहिली. जे शहानवाज खान, सहगल, धिल्लन यांना सलाम करतात त्यांनी मीर मस्तला शिवी देण्याआधी थोडं थांबावं. आणि जे मीर मस्तला गाझी ठरवू पाहतात त्यांनी मीर दस्तचंही नाव घ्यावं. तोही कलमा वाचणाराच होता.

जर्मनांच्या हिशेबाने ही मोहीम फसली. छावणीत ‘हिंदोस्तान’ नावाचं वर्तमानपत्र हिंदी आणि उर्दूत छापलं जाई. बर्लिन कमिटीचे हिंदी क्रांतिकारक भाषणं द्यायला येत. भोपाळचे मौलाना बरकतुल्ला त्यांत होते. हे मौलाना आपल्या ग्रुपवर कुणी पाठवत नाही, म्हणून थोडं सांगतो. ते तोक्योत हिंदुस्तानी भाषा शिकवत असत आणि तिथून इंग्रजांविरुद्ध लिहीत. १९१५मध्ये ते राजा महेंद्रप्रताप यांच्याबरोबर बर्लिनहून काबूलला गेले. १ डिसेंबर १९१५ रोजी तिथे हिंदुस्थानचं हंगामी सरकार जाहीर झालं. राष्ट्राध्यक्ष महेंद्रप्रताप, पंतप्रधान बरकतुल्ला, गृहमंत्री मौलाना उबैदुल्ला सिंधी. एक जाट राजा आणि दोन मौलाना. आपले वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे त्याच जाळ्यातून इराणमध्ये धडपडत होते. बरकतुल्ला १९२७ साली सॅन फ्रान्सिस्कोत वारले, मायदेशी परतू शकले नाहीत.

इतके मोठे लोक येऊनही हिंदी कैद्यांपैकी मोजकेच तुर्की बाजूने लढायला तयार झाले. बाकीच्यांनी नकार दिला. भीतीपोटी, पगाराच्या आणि पेन्शनच्या काळजीपोटी, खाल्ल्या मिठाच्या भावनेपोटी, किंवा लढाईचा वीट आला म्हणून. गरीब शेतकऱ्यांची मुलं होती ती. एका साम्राज्याने पगार दाखवून आणलं, दुसऱ्याने मशीद दाखवली. त्यांना घरी जायचं होतं.

थंडी आणि कर्णा

त्यांना घरी जायचं होतं, हे मी मनाने सांगत नाही. त्यांचा आवाज आहे.

१९१५ ते १९१८ या काळात जर्मन भाषातज्ज्ञांच्या एका मंडळाने कैद्यांच्या छावण्यांत फिरून आवाज ध्वनिमुद्रित केले. विल्हेल्म डोएगन हा त्यांचा चालक. सुमारे अडीचशे भाषा-बोली, दीड हजारांहून जास्त तबकड्या. हा ठेवा आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहे. कैद्याला पत्र्याच्या कर्ण्यासमोर उभं करायचं, आधी ठरवलेला मजकूर बोलायला लावायचा. त्याचं नाव, गाव, धर्म, धंदा एका फॉर्मवर लिहायचा. भाषातज्ज्ञांना शब्दोच्चार हवे होते, माणूस नको होता. अनेकांना त्यांनी बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट वाचायला लावली. जॉर्ज ग्रियर्सनने हिंदुस्थानच्या भाषांच्या पाहणीत हीच गोष्ट मराठीसकट सगळ्या बोलींतून उतरवून घेतली होती, तोच पायंडा. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि बाप त्याला छातीशी धरतो, अशी ती गोष्ट. काटेरी तारेच्या आत उभं राहून ती कर्ण्यात वाचणाऱ्याच्या मनात काय येत असेल?

११ डिसेंबर १९१६ रोजी व्युन्सडॉर्फमध्ये माल सिंग नावाच्या शीख जवानाने ठरवलेला मजकूर न वाचता स्वतःविषयीच सांगितलं, तेही एखाद्या तिऱ्हाइताची गोष्ट सांगावी तसं. मुलुखात दूध-लोणी खाणारा एक माणूस होता, तो इंग्रजाच्या नोकरीत लागला, युरोपच्या लढाईत आला, जर्मनांनी त्याला पकडलं. त्याला आता हिंदुस्थानात जायचं आहे, अजून दोन वर्षं इथे राहिला तर मरेल, देवाची मेहर झाली तर लढाई लवकर संपेल. इतकंच. फिलिप शेफनर या जर्मन दिग्दर्शकाने २००७ साली या आवाजावर एक माहितीपट केला. तो पाहिला तेव्हा मी दोनदा थांबवला आणि पुन्हा सुरू केला.

कर्ण्याबरोबर फूटपट्टीही होती. एगोन फॉन आइकश्टेट हा मानववंशशास्त्रज्ञ शीख कैद्यांची डोकी, नाकं मोजत होता. त्यातून त्याने प्रबंध लिहिला आणि पुढे नाझी काळात तो वंशशास्त्रातला मोठा माणूस ठरला. मशिदीच्या सावलीत मोजमाप चालू होतं. सन्मान आणि मोजमाप यांत फार अंतर नसतं, फक्त मोजणारा हात आपल्या हाती नसतो एवढं खरं.

थंडी, क्षयरोग आणि न्यूमोनियाने हिंदी जवान मरू लागले. १९१७च्या वसंतात बऱ्याच जणांना थोडी उबदार हवा म्हणून रुमानियात शेतीकामावर हलवलं गेलं. तिथेही मृत्यू थांबले नाहीत.

मशीद गेली, गाव उरलं

युद्ध संपलं, जर्मनी हरली. छावणी रिकामी झाली. बर्लिनमध्ये राहणारे मूठभर मुसलमान काही वर्षं ईदला रेल्वेने व्युन्सडॉर्फला येत. पण पाच आठवड्यांत उभारलेलं लाकूड ते, किती टिकणार? दहा वर्षांच्या आतच ती मोडकळीला आली, बंद झाली आणि पाडून टाकली गेली. तिला मरम्मत करायला कुणी पुढे आलं नाही, कारण ज्याला तिची गरज होती तो परराष्ट्र खातं होतं आणि त्याची गरज संपली होती. त्याच सुमारास बर्लिनच्या विल्मर्सडॉर्फ भागात लाहोरच्या अहमदिया अंजुमनने लोकांचा पैसा जमवून मशीद बांधली. ती १९२८ साली पूर्ण झाली आणि आजही उभी आहे. त्यांच्याशी माझे मतभेद बाजूला ठेवून सांगतो, शासनाची भेट दहा वर्षं पुरली नाही, वर्गणीची मशीद शंभर वर्षांकडे निघाली आहे.

गावाच्या नशिबात मात्र फौज कायमची होती. १९३०च्या दशकात नाझींनी इथे जमिनीखाली बंकर बांधले आणि वरून ते खेड्यातल्या कौलारू घरांसारखे रंगवले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन भूदलाचं मुख्यालय इथेच होतं. सोव्हिएत संघावरच्या स्वारीचं नियोजन ज्या मुख्यालयाने केलं, ते हेच. एप्रिल १९४५मध्ये तोच सोव्हिएत सैनिक इथे पोचला आणि राहिलाच. पुढे पूर्व जर्मनीतल्या सोव्हिएत फौजांचं मुख्यालय व्युन्सडॉर्फला आलं. हजारो सैनिक आणि त्यांची कुटुंबं, शाळा, दुकानं, नाट्यगृह, मॉस्कोला थेट रेल्वे. गावातला हमरस्ता बंद झाला. गावकऱ्यांना आपल्याच गावाचा अर्धा भाग पाहता येईना. लोक त्याला ‘छोटं मॉस्को’ म्हणत. १९९४मध्ये शेवटचे रशियन गेले आणि एका रात्रीत रिकामी पडलेली घरं उरली. अधिकाऱ्यांच्या क्लबसमोर लेनिनचा पुतळा अजून उभा आहे, गवत वाढलेल्या मैदानाकडे बघत.

एवढं मोठं रिकामं गाव करायचं काय? १९९८ साली त्यांनी जुन्या पुस्तकांची दुकानं आणून ‘पुस्तकांचं गाव’ करायचं ठरवलं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावाचा आदर्श समोर ठेवून. आपल्याकडे महाबळेश्वरजवळ भिलार २०१७मध्ये त्याच कल्पनेवर उभं राहिलं. फरक असा की भिलारमध्ये स्ट्रॉबेरीच्या घरांत पुस्तकं आहेत, इथे बंकरच्या शेजारी.

मशीद जिथे होती त्या बाजूच्या रस्त्याचं नाव मात्र अजून मोशेश्ट्रासे, म्हणजे मशीद रस्ता, असंच आहे. मशीद नाही, पाटी आहे. आणि २०१५ साली एक गोष्ट घडली. युद्धातून पळून आलेल्या सीरियन आणि इतर निर्वासितांसाठी तिथे निवारा उभारायचा होता. बांधकामाआधी पुरातत्त्व अभ्यासकांनी जमीन खणली आणि १९१५च्या मशिदीच्या खुणा सापडल्या. शंभर वर्षांनी त्याच वाळूवर पुन्हा मुसलमान आले होते. यावेळी त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि मशीद बांधून देण्याची घाईही कुणाला नव्हती.

त्सेरेन्सडॉर्फ

दुपारी भाच्याने गाडी जंगलात घातली. उठवलेलं ते खेडं, त्सेरेन्सडॉर्फ, आता फक्त नकाशावर आहे. पाइनच्या झाडीत एक छोटं कब्रस्तान आहे. छावणीत मेलेल्यांसाठी जर्मनांनीच ते केलं. पुढे सोव्हिएत फौजेच्या कवायतीत त्याची पार मोडतोड झाली. रशियन गेल्यावर ते पुन्हा नीट केलं गेलं आणि २००५मध्ये खुलं झालं. हिंदी फौजेतल्या २०६ जणांची इथे नोंद आहे. मुसलमान, शीख, हिंदू एकाच कुंपणात.

रांगेतले पांढरे दगड सगळे एकाच उंचीचे. मुसलमानाच्या दगडावर अल्लाहच्या माफीचा शब्द, शिखाच्या दगडावर एक ओंकार. नावं, पलटणीचा नंबर, तारीख. गावाचं नाव नाही, बापाचं नाव नाही. कुणी फुलं ठेवलेली नव्हती. मी फातिहा पढलो. कुठल्या दगडापाशी पढायचं हे ठरवता येईना, म्हणून मधोमध उभा राहून सगळ्यांसाठी दुआ मागितली. भाचा म्हणाला, ‘मामू, सगळ्यांसाठी?’ मी म्हटलं, ‘छावणीत थंडी सगळ्यांना सारखीच लागली असेल.’

परत येताना ग्रुपवरची ती पोस्ट आठवली. आमच्या मोहल्ल्यात मागच्या निवडणुकीआधी एका पुढाऱ्याने कब्रस्तानाची भिंत बांधून दिली होती. दगडावर त्याचं नाव मोठं, आम्ही टाळ्या वाजवल्या. निवडणूक झाली, पावसाळ्यात भिंतीचा एक तुकडा पडला, तो आजवर तसाच आहे. कबरी कुणाच्या हे त्याला माहीत नव्हतं, तसं व्युन्सडॉर्फच्या मशिदीत कोण नमाज पढतो हे कैसरला माहीत नव्हतं. दोघांनाही मोजायची होती ती डोकीच.

म्हणून माझ्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. तो फोटो पुढच्या वेळी आला तर पुढे पाठवा, पण मजकूर बदलून. लिहा : ही मशीद आपल्याला सन्मान म्हणून मिळाली नव्हती. लिहा : तिच्या समोर उभे असलेले लोक फितूर नव्हते आणि गाझीही नव्हते, ते घरापासून लांब अडकलेले शेतकऱ्यांचे मुलगे होते. आणि जमलं तर हेही लिहा की त्यांच्यापैकी २०६ जण अजून तिथेच आहेत, त्सेरेन्सडॉर्फच्या पाइनखाली, वाळूत.

घरी आल्यावर मी ती दुरुस्ती ग्रुपवर टाकली. ‘सुबहानल्लाह’ कुणी लिहिलं नाही. दोन दिवसांनी रात्री फक्त एका म्हाताऱ्या चाचांचा फोन आला. त्यांचे वडील फौजेत होते. त्यांनी विचारलं, ‘बेटा, त्या दगडांवरची सगळी नावं लिहून आणलीस का?’ मी आणली नव्हती. आता भाच्याला सांगितलं आहे, पुढच्या सुट्टीत पुन्हा जा, वही घेऊन जा.